एअर काढली तरी ब्रेक पुन्हा मऊ पडतो: जुन्या मारुती ८००चं ब्रेक ऑइल निवडताना आणि बदलताना

तक्रार ठरलेली असते. पेडल मऊ लागतं, पाय नेहमीपेक्षा खाली जातो, दोन-तीनदा पंप मारला की ब्रेक वर येतो. गॅरेजमध्ये एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढून घेतली की महिना-दीड महिना बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्यांदा एअर काढायला गाडी नेण्याआधी एवढं विचारा, की बंद यंत्रणेत हवा शिरलीच कुठून? ब्रेकच्या नळ्यांत हवा आपोआप येत नाही. एक तर कुठून तरी ऑइल बाहेर पडतंय, किंवा ऑइलमध्ये मुरलेलं पाणी तापून त्याची वाफ होतेय, किंवा ती हवा नाहीच, मागचे शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी) ड्रमपासून लांब गेलेत. पेडल दाबल्यावर नळ्यांत ऑइल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरची आतली रबरं झिजली तरी पाय खालीच जातो. पायाला हे सगळं जवळपास सारखंच लागतं. म्हणून सगळ्यावर एकच इलाज होतो आणि तो टिकत नाही.

मारुती ८०० इथे उदाहरणाला घेतली आहे, कारण ती अजून घरोघरी आहे. पहिली गाडी डिसेंबर १९८३मध्ये मालकाच्या हातात गेली, उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा दहा वर्षांच्या पुढे आहे आणि तिच्या ब्रेकमधलं रबरही, बदललेलं नसेल तर, तितकंच जुनं आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या, एबीएस (चाकं अडकू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नसलेल्या इतर जुन्या छोट्या गाड्यांनाही खालचं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी पायाने तपासा

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (इंजिनच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. आता एकदा सावकाश दाबा, सोडा आणि लगेच पुन्हा दाबा.

दुसऱ्या वेळी पेडल वर आलं आणि दगडासारखं कडक लागलं, तर हवा नाही. मागचे शू ॲडजस्ट करायचे राहिलेत. शू आणि ड्रममधली फट भरून काढण्यातच पहिल्या दाबाचं ऑइल खर्च होतं. ड्रममधला, शू बाहेर सरकवणारा ॲडजस्टर गंजून अडकला की असं होतं. पुष्कळदा हँडब्रेकची केबल ताणून वेळ मारून नेली जाते. त्याने हँडब्रेक लागतो, पण मूळ फट नीट बसत नाही आणि पुढे ॲडजस्टरला काम करायला जागाही उरत नाही. केबल ढिली करा, ड्रम उघडा, ॲडजस्टर साफ करा, ड्रम चढवल्यावर चाक हाताने फिरवताना अगदी किंचित घासेल इतपत शू बाहेर आणा आणि केबल सगळ्यात शेवटी ताणा.

दुसऱ्या वेळी पेडल वर आलं पण तरीही चेंडू दाबल्यासारखं लागत राहिलं, तर हवा आहे.

आता पेडलवर हलका, एकसारखा दाब देऊन मिनिटभर धरून ठेवा. पाय हळूहळू खाली सरकत गेला आणि चारही चाकांशी, नळ्यांशी कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं ऑइल मागे सोडताहेत. हा दाब हलकाच हवा. जोरात दाबलं की झिजलेलं रबरही भिंतीला चिकटून बसतं आणि दोष लपतो.

उलट, पेडल दाबून धरून इंजिन सुरू केल्यावर पाय थोडा खाली गेला, तर घाबरू नका. बूस्टर कामाला लागल्याची ती खूण आहे. ह्या एका गैरसमजापायी चांगले मास्टर सिलिंडर बदलले जातात.

ऑइल कुठे जातंय

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी वर्षभरात थोडी खाली येणं साहजिक आहे. पुढच्या डिस्कवर आवळणारे पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागची जागा ऑइल भरून काढतं. अशा वेळी नुसतं वर ओतू नका, आधी पॅडची जाडी बघा. पण दर महिन्याला ऑइल घालावं लागत असेल, तर गळती आहेच.

पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे ड्रममध्ये शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरवर, घ्या. ड्रम काढा आणि सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने किंचित उचलून बघा. आत नुसता दमटपणा असेल तर लक्ष ठेवा. थेंब ओघळला तर तो सिलिंडर गेला. ऑइल लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर, पोचलं असेल, तर ते शूही बदलायचे आणि दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. तापला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पातळी मात्र घटतेय, तर मास्टर सिलिंडरच्या मागे बघा. बूस्टरवर तो ज्या दोन नटांनी बसतो ते सोडवून, नळ्या न वाकवता, सिलिंडर थोडा पुढे घ्या. मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जात असेल, तर तिथला रंग उडालेला आणि भाग ओला दिसतो.

मास्टर किंवा व्हील सिलिंडरमध्ये किट (नव्या रबरांचा संच) टाकायचं की आख्खा सिलिंडर बदलायचा, हे आतल्या भिंतीवरून ठरवा. पिस्टन काढून भिंत पुसा आणि नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे. त्यात नवं किट टाकलं तर त्याचं रबर काही दिवसांतच कापलं जातं. असा सिलिंडर बदलाच. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला पॉलिश पेपर अजिबात मारू नये, वरचा कठीण थर निघून जातो.

घाटात मऊ, सपाटीवर ठीक

ही तक्रार वेगळी आहे आणि तिचं कारण बहुतेक वेळा जुनं ऑइल हेच असतं. ब्रेक ऑइलच्या डब्यावर डॉट आणि आकडा अशी त्याची प्रत छापलेली असते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकोलची ऑइलं आहेत आणि ती हवेतली ओल ओढून घेतात. टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असते आणि रबरी होजमधूनही ओल आत झिरपते. मालवण, रत्नागिरी, पणजीसारख्या दमट हवेत हे लवकर होतं.

मानकानुसार नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेलं असताना ही किमान मर्यादा १४० धरलेली आहे. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१साठी २६० आणि १८०. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा व्यापते. ऑइल दाबून आकुंचन पावत नाही, वाफ पावते. मग पाय जमिनीला टेकतो आणि चाकाला काहीच कळत नाही.

ह्यात एक गोष्ट फार कमी चालकांना माहीत असते. पेडल दाबलेलं असताना नळीत दाब असतो, म्हणून ऑइल सहसा उकळत नाही. पाय उचलला की दाब उतरतो आणि तेव्हा वाफ होते. खंडाळ्याचा घाट ब्रेकवर उतरून खोपोलीत चहाला थांबलात, की वाऱ्याने होणारं थंड होणं थांबतं, डिस्कची धग पॅड आणि पिस्टनमधून कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोचते आणि दहा मिनिटांनी गाडी काढताना पेडल सपशेल खाली जातं. म्हणून घाट गिअरवर उतरायचा. खाली आल्यावर गाडी लगेच उभी करू नका, दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता सावकाश चालवा. थांबलात तर निघण्याआधी जागेवरच पेडल दाबून खात्री करा.

पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, असं असेल तर ऑइलचा दोष नाही, पॅड किंवा लायनर तापून गुळगुळीत पडलेत. दोन्ही प्रकारांना आपण "ब्रेक लागला नाही" असंच म्हणतो. मेकॅनिकला सांगताना पेडल मऊ होतं की कडक, हे आवर्जून सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

चालत्या गाडीत पाय खाली गेलाच, तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच टप्प्याटप्प्याने ओढा. एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात.

कोणतं ऑइल घ्यायचं

आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, डब्यावर ब्रेक फ्लुइड लिहिलेलं असतं. नावातलं हे "ऑइल"च घात करतं. हे तेल नव्हे. टाकी कमी दिसली म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल घातलं, तर ब्रेकमधलं सगळं रबर फुगतं. ओळखायची खूण झाकणातच असते. झाकण काढून आतला रबरी पडदा बघा. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा टच्च फुगलेला असेल आणि जागेवर परत बसत नसेल, तर खनिज तेल गेलेलं आहे. खात्री करायची तर टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, तेल वर तरंगतं. तरंगलं, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. मास्टर, व्हील सिलिंडर आणि कॅलिपर ह्यांची किट, सगळे रबरी होज आणि झाकणातला पडदा, सगळं नवं घालावं लागेल. खर्च जिवावर येतो हे मान्य, पण फुगलेलं रबर पुन्हा पूर्ववत होत नाही आणि ते ब्रेक कधी अडकवेल, कधी सोडेल, ह्याचा नेम नसतो.

मारुती ८००च्या पुस्तिकेत डॉट ३ सांगितलेलं आहे. त्यात डॉट ४ चालतं. दोन्ही ग्लायकोलचीच, एकमेकांत मिसळणारी. गाडी घाटातून जात-येत असेल किंवा चार माणसं आणि सामान घेऊन चालत असेल, तर डॉट ४ घ्या. फरक थोड्याच रुपयांचा असतो आणि उकळण्याची मर्यादा वाढते. मात्र जुन्या डॉट ३वर वरून डॉट ४ ओतून हा फायदा मिळत नाही, पूर्ण बदलावं लागतं. झाकणावर डॉट ४ छापलेलं असेल, तर डॉट ३ घालू नका. डॉट ५.१ चालेल, पण ह्या गाडीला त्याची गरज नाही. आणि डॉट ५ म्हणजे ५.१ नव्हे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, जांभळ्या रंगाचं. ते बाकीच्यांत मिसळत नाही. जुन्या छोट्या गाडीत ते नकोच.

डबा सीलबंदच घ्या आणि पॅकिंगची तारीख बघा. ५०० मिलीचे दोन डबे घ्या, एक लिटरचा एक नको, म्हणजे दुसरा लागला तरच फुटेल. झाकणाला भोक पाडून महिनोन्‌महिने फळीवर ठेवलेल्या बाटलीतलं ऑइल कितीही पिवळंधमक दिसलं तरी नाकारा. रंगावरून पाणी कळत नाही.

बदलताना

टाकीतलं ऑइल सिरिंजने काढून नवं भरणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे. इंजिन ऑइलसारखं हे फिरत नाही. टाकीतलं टाकीत राहतं आणि कॅलिपरमधलं कॅलिपरमध्ये. टाकी मधासारखी स्वच्छ दिसते तेव्हाच मागच्या निपलमधून (चाकाजवळच्या, एअर काढायच्या पोकळ स्क्रूमधून) कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल येतं. धग लागते ती त्यालाच. साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, गाडी फारशी चालली नसली तरी. आणि हे काम पाऊस चालू असताना उघड्यावर करू नका.

आदल्या संध्याकाळी चारही निपल तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. निपल बहुतेक ८ किंवा १० मिमीचे असतात. फिक्स पाना लावू नका, कडा मारल्या जातात. सहा कोनी गोटी पाना किंवा घट्ट बसणारा रिंग पाना घ्या. हलत नसेल तर आधी किंचित आवळून बघा, मग सोडवा. जोर वाढवत नेऊ नका. व्हील सिलिंडरचा निपल तुटला तर सिलिंडर बदलता येतो. कॅलिपरचा तुटला तर काम लेथवाल्याकडे जातं.

गाडी सपाट जागेवर घ्या. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून विटा लावा आणि उचललेला भाग घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर ठेवू नका. मागचे शू ॲडजस्ट केलेले असू द्या, नाहीतर एअर काढूनही पेडल वर येणार नाही. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. जुनं ऑइल सिरिंजने काढा, पण टाकीच्या तळाशी असलेली भोकं उघडी पडू देऊ नका. तळाला काळा गाळ असेल तर न गळणाऱ्या सुती कापडाने टिपून घ्या. पेट्रोल, रॉकेल ह्यांचा थेंबही नको. मग नवं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा.

आता पेडलखाली दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे आणि हेच हमखास वगळलं जातं. रोजच्या चालवण्यात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच्या आसपासच जातो. पुढच्या न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साठलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत रेटलं की रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. "ऑइल बदललं आणि आठवड्यात मास्टर गेला" ह्या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी लावा. माशांच्या टाकीची नळी एकदा वापरायला पुरते. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या बोटभर नव्या ऑइलमध्ये बुडवा. पेडलवर बसणाऱ्याला तीनच शब्द शिकवा: दाब, धर, सोड. "दाब" म्हटल्यावर त्याने सावकाश दाबायचं, मग "धर". तुम्ही निपल अर्धा आटा उघडा, ऑइल आलं की बंद करा, आणि बंद झाल्यावरच "सोड" म्हणा. निपल उघडा असताना पाय उचलला, तर आट्यांमधून हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकाने. आपल्याकडच्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत ते मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल, तर तोच पाळा. जिथे ब्रेकचं सर्किट तिरपं असतं, तिथे मागच्या डाव्यानंतर पुढचं उजवं घेतात. मागच्या डाव्याला १५० मिलीच्या आसपास लागतं, उजव्याला १००, पुढच्यांना ७०-८०. आकडा अंदाजाचा आहे, नळीतला रंग बदलून बुडबुडे थांबणं हे खरं. दर आठ-दहा दाबांनंतर टाकी बघा. एकदा ती रिकामी झाली की हवा मास्टरमध्ये जाते आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मास्टर खूप जुना असेल तर पेडलला हातच लावू नका. टाकी भरून एकेक निपल उघडा आणि ऑइल आपल्या वजनाने ठिबकू द्या. वेळ लागतो, पण रबरावर ताण येत नाही.

मागून ऑइल येतच नसेल, तर मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह आहे का ते बघा. काही गाड्यांत तो असतो आणि चाकं लोंबकळत ठेवली की मागचा दाब कमी करतो. घोड्या ॲक्सलखाली घ्या. नळीतले बुडबुडे थांबतच नसतील आणि तुम्ही ऑइल ओढून घेणारा पंप वापरत असाल, तर ते निपलच्या आट्यांतून येताहेत, आतून नव्हे. आणि नुकतेच कॅलिपर काढून बसवले असतील, तर निपल वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि लिटरभर ऑइल ओतलं तरी निघत नाही.

झाल्यावर

निपल हलक्या हाताने आवळा आणि त्यावर रबरी टोपी घाला. सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उकरून काढतं. इंजिन सुरू करून पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा आणि चारही चाकांशी, नळ्यांच्या जोडांशी टॉर्चने बघा. मग मोकळ्या जागेत सावकाश चालवून ब्रेक तपासा. ५० किलोमीटरनंतर पातळी पुन्हा बघा.

ब्रेक सोडल्यावर एखादं पुढचं चाक अडकून तापत असेल, तर त्याचा निपल उघडून बघा. उघडताच चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहत होता. बरेचदा होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजून बंद झालेला असतो. होज जोडीनेच बदला.

निघालेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. ते विषारी आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायचं झालं तर वर ठळक लिहा, मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नका. गटारात ओतू नका आणि इंजिनच्या जुन्या ऑइलमध्येही मिसळू नका, वेगळंच गॅरेजला द्या. टाकीजवळच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर आणि "डॉट ४" असं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ज्याच्या हातात गाडी जाईल त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.